डिस्लेक्सिया असलेलं लेकरू: निवासी शाळेत घालायचं की घरी ठेवून शिकवायचं?

आमच्या घरात डिस्लेक्सिया असलेली, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन फार अडणारी, दोन मुलं आहेत. एक माझा मुलगा, दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मुलगा पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत राहिला. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांसाठीच ती शाळा आहे. भाची लातूरजवळच्या औशातच आईबापाजवळ राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली आणि आठवड्यातून तीन दिवस लातूरला रेमेडियल बाईंकडे, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीनं वाचन-लेखन शिकवणाऱ्या बाईंकडे. आता दोघंही नववीत आहेत. मी स्वतः उदगीर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे मार्च-एप्रिल आला की ओळखीतले पालक फोन करतात, "मॅडम, लेकराला तिकडं टाकावं का?" प्रत्येकाला अर्धा तास जे सांगत आले ते इथं एकदा नीट लिहिते.

पालक बहुधा फीचा कागद, निकालाचा कागद आणि मैदानाचे फोटो घेऊन बसलेले असतात. मी त्यांना विचारते, तुमच्या घरी संध्याकाळी पाच ते नऊ काय चालतं ते आधी सांगा. शाळेतला वेळ हे मूल कसाबसा काढतं: मागच्या बाकावर बसून, शेजाऱ्याच्या वहीत बघून, पोटात दुखतंय असं सांगून. घरी दप्तर उघडलं की मात्र लपायला जागा उरत नाही. ज्या घरात हे चार तास धड जातात त्यांनी लेकरू बाहेर पाठवायची घाई करू नये. आणि ज्या घरात ते रोज रडण्या-ओरडण्यात जातात त्यांनी 'आईपासून तोडू कसं' एवढ्याच कारणानं थांबू नये. पुढची सगळी तुलना मी याच चार तासांच्या आधारानं केली आहे.

आधी दोन गोष्टी मिटवून घ्या

पहिली तपासणीची. पहिली-दुसरीतलं मूल अडखळतं म्हणून लगेच शाळा शोधायला निघू नका. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत या अडचणीच्या प्रमाणपत्रासाठी वय किमान आठ वर्षं धरलं आहे, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी. आठ वर्षांच्या आत मूल नुसतं उशिरा शिकणारं असू शकतं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. माझ्या वर्गातली एक मुलगी चष्मा लागल्यावर महिन्याभरात वाचायला लागली. आणि मराठीत शिकणाऱ्या मुलाची चाचणी मराठीत झाली पाहिजे, हा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाचा चाचणीसंच मराठीतही तयार केलेला आहे. माझ्या मुलाची पहिली तपासणी फक्त इंग्रजीत झाली आणि त्यात त्याचं अर्धं दुखणं दिसलंच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. मराठवाड्यात लेकरू बाहेर ठेवणं नवीन नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मायबापांची लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात. अकरावी-बारावीची पोरं लातूरला खोली करतात, मेसवर जेवतात, गावाकडून एसटीनं डबा येतो. नवोदयच्या परीक्षेसाठी चौथीपासून क्लास लागतात. म्हणून नातेवाईक सहज म्हणतात, "होस्टेलला टाका, शिस्त लागंल." डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी साधं होस्टेल हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, हे मी स्पष्ट सांगते. तिथं रात्री दोन तास अभ्यासिकेत मान खाली घालून वाचत बसायचं असतं. ज्याला वाचताच येत नाही ते लेकरू त्या दोन तासांत एवढंच शिकतं की पान कधी उलटायचं. कुणी मारत नसलं तरी त्याचं वर्ष वाया जातं, आणि ते घरी सांगतही नाही. म्हणून खाली 'निवासी शाळा' म्हणते तेव्हा फक्त अशा मुलांसाठी शिकलेले शिक्षक असलेली शाळा, एवढाच अर्थ घ्या.

सकाळ

सकाळची तुलना मी लवकर संपवते, कारण इथं निवासी शाळा सरळ पुढं आहे, पण तिची युक्ती घरी आणता येते. या मुलांना नुसतं वाचनच अवघड नसतं. बऱ्याच जणांना क्रम, वेळ, डावं-उजवं यातही गोंधळ होतो. मुलाच्या शाळेत प्रत्येकाच्या कपाटावर आतल्या बाजूनं चित्रांची पट्टी होती: उठणं, दात, आंघोळ, बूट, नाश्ता, दप्तर. प्रत्येक विषयाच्या वह्यांना एकेक रंग. रात्री झोपण्याआधी हाउसमास्टर, म्हणजे होस्टेलात मुलांकडं बघणारे शिक्षक, दप्तर भरून घ्यायचे. माझा जो मुलगा रोज कंपास हरवून यायचा त्यानं तीन वर्षांत दोनदाच हरवला.

औशात बहिणीच्या घरी नळाला पाणी येणारी सकाळ म्हणजे धावपळ. भांडी भरायची, डबे करायचे, त्यात लेकीची गणिताची वही सापडत नाही. मी तिला त्या चित्रपट्टीचा फोटो पाठवला. तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं तशीच पट्टी काढून मोरीच्या दाराला लावली आणि वह्यांना रंगीत कागद चढवले. महिनाभरात सकाळची निम्मी कटकट गेली. यासाठी लाखाची फी भरायची गरज नाही.

वर्गात आणि रेमेडियलच्या तासाला

खरा फरक इथून सुरू होतो. मुलाच्या वर्गात दहा मुलं होती. रोज चाळीस मिनिटं एक शिक्षिका आणि दोनच मुलं, असा वाचनाचा तास. तिथं चालायची ती पद्धत ऑर्टन-गिलिंगहॅम या नावानं ओळखली जाते. सॅम्युएल ऑर्टन हे अमेरिकन डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका. दोघांचं काम १९३० च्या दशकातलं. अमेरिकेत अशा मुलांच्या निवासी शाळा जुन्या आहेत, न्यूयॉर्क राज्यातली गाऊ स्कूल १९२६ सालची, मॅसॅच्युसेट्समधली लँडमार्क स्कूल १९७१ ची. आपल्याकडच्या शाळांनी दिनक्रमाचा साचा बराचसा तिकडूनच घेतलेला दिसतो: रोजचा ठरलेला रेमेडियलचा तास, लहान वर्ग, संध्याकाळी देखरेखीखालचा अभ्यास.

पद्धत सांगायला सोपी आहे, करायला चिकाटीची. अक्षर बघायचं, त्याचा आवाज काढायचा, तो ऐकायचा आणि त्याच वेळी बोटानं गिरवायचं. वाळूच्या ट्रेमध्ये, सँडपेपरवर, हवेत. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. कालचं आज पुन्हा, आजचं उद्या पुन्हा. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपली धूळपाटी आठवली. पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं म्हणायचं. म्हणून तर 'धुळाक्षरं' म्हणतात. आपल्या पणज्यांना जे ठाऊक होतं ते मी डी.एड. करूनही वर्गात कधी वापरलं नव्हतं.

पण या पद्धतीची बांधणी इंग्रजीसाठी झाली आहे, आणि पालक नेमकं हेच विचारायचं विसरतात. इंग्रजीत ough या एकाच चार अक्षरांचा शेवट 'थ्रू'मध्ये एक आवाज देतो, 'दो'मध्ये दुसरा, 'टफ'मध्ये तिसरा. त्या भाषेतल्या मुलाला आवाज आणि अक्षर यांचं गणितच वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. मराठीत तसं नाही. 'क' हा बहुतेक 'क'च. आपल्या लेकराची अडचण वेगळ्या ठिकाणी येते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' एकसारखे दिसतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि म्हणायची मात्र नंतर. एकटा 'र' घ्या: 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये टोपी उलटी करून, 'वाऱ्या'मध्ये आणखी निराळा. मराठी वाचणारं डिस्लेक्सियाचं मूल कधी कधी साधे शब्द बरोबर वाचतं, पण बैलगाडीच्या चालीनं. आणि जोडाक्षर आलं की गाडी रुतते. 'बरोबर तर वाचतंय, फक्त आळशी आहे' असं म्हणून शिक्षक सोडून देतात. मीही अशी दोन-तीन मुलं सोडून दिली असतील, याचं मला आज वाईट वाटतं.

माझा मुलगा पहिल्या वर्षाअखेर इंग्रजी गोष्टीचं पुस्तक स्वतः वाचायला लागला. आमच्यासाठी तो सण होता. पण सातवी संपवून परत आला तेव्हा त्याचं मराठी वाचन तिसरीच्या पुढं सरकलेलं नव्हतं. शाळेत मराठीचा तास होता, मराठीचं रेमेडियल नव्हतं. बसची पाटी, आजोबांच्या सातबाऱ्यावरचं नाव, लग्नपत्रिका हे सगळं त्याला अजून अडतं.

भाचीचं उलट. तिच्या शाळेत एक गुरुजी आणि दोन इयत्ता. माणूस भला, पण फळा एक आणि मुलं पस्तीस. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक फेरीनं येतात, त्यांच्याकडं कितीतरी शाळा आणि सगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची मुलं. ते येतात, मार्ग सांगतात, पण रोज एका लेकराजवळ बसणं त्यांना शक्य नसतं. म्हणून बहिणीनं लातूरच्या बाई शोधल्या. औसा-लातूर वीस किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट झालं आणि लेकराला अर्धं होतंच, तेव्हा बहीण म्हणाली, "आता दोघींचं मिळून एक तिकीट झालं बघ."

त्या बाई मराठीतच काम करायच्या. घरी सरावाला परातीत ज्वारीचं पीठ. आधी एकेरी अक्षरं, मग काना-मात्रा, मग पहिली वेलांटी वेगळी आठवडाभर, आणि 'र'ची रूपं तर दोन महिने. माझ्या मुलानं एका वर्षात जी मजल मारली तिला भाचीला सव्वादोन वर्षं लागली. रोज चाळीस मिनिटं आणि आठवड्याला तीन तास यात फरक पडणारच. त्यात पावसाळ्यात बस चुकते, दिवाळीत बाई गावाला जातात, लग्नसराईत आठवडे बुडतात. निवासी शाळेत तास बुडत नाही. पण भाची आज देवळातला फलक वाचते, आजीला औषधाचा कागद वाचून दाखवते. तिला मिळालेलं वाचन रोज हाताशी येतं.

संध्याकाळ

माझ्या वर्गातल्या चाळीस लेकरांना मी धीरानं शिकवायचे आणि घरी एका श्रुतलेखनावरून पाटी आपटायचे. हे लिहायला जड जातं, पण बरेच शिक्षक पालक यातून जातात म्हणून लिहिते. सहा वाजले की मुलाच्या पोटात कळ यायची. चौथीत असताना तो दप्तर उघडायच्या वेळेला उलटी करायला लागला. माझे मिस्टर म्हणायचे, "मीबी असाच होतो, मार खाऊन सुधारलो." तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांनाच चार ओळी वाचायला दिल्या, तेव्हा कळलं की ते सुधारले वगैरे काही नव्हते. एवढी वर्षं त्यांनी वर्तमानपत्राचे फक्त मथळे वाचले होते. हे बऱ्याचदा रक्तात येतं. ते त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मुलाचा हात धरून बराच वेळ बसून राहिले.

निवासी शाळेतली संध्याकाळ अशी होती. साडेचार ते सहा खेळ. साडेसहाला अभ्यास, एक शिक्षक आणि आठ मुलं. शिक्षक प्रश्न मोठ्यानं वाचायचे, मूल तोंडी उत्तर द्यायचं, मग जमेल तेवढं लिहायचं. गृहपाठ पानांवर मोजायचाच नाही, वेळेवर मोजायचा: चाळीस मिनिटं झाली की वही बंद, गणित अर्धं राहिलं तरी. मग जेवण, आणि त्यानंतर तासभर सुतारकाम, मातीकाम किंवा सायकल दुरुस्ती. साडेनऊला दिवे बंद. अंधार पडला की घाबरणारं माझं लेकरू तिथं संध्याकाळची वाट बघायला लागलं, कारण सायकलीचं चाक सरळ करायला सगळ्या होस्टेलात त्यालाच जमायचं. पोटातली कळ कुठं गेली ते कळलंही नाही.

आता औशातली संध्याकाळ. लातूरच्या बाईंनी बहिणीला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "तुम्ही तिच्या शिक्षिका होऊ नका, तिला आईच राहू दे." बहिणीनं ते ऐकलं. सातनंतर अभ्यास नाही, हा नियम. तिच्या थोरल्या पुतण्यानं परिसर अभ्यासाचे आणि इतिहासाचे धडे स्वतःच्या आवाजात फोनवर वाचून ठेवले. पोरगी भाकरीला पीठ मळता मळता ते ऐकायची. मग आजीला धडा गोष्टीसारखा सांगायचा. आजीला शाळा ठाऊक नाही, पण जात्यावरच्या ओव्या शेकड्यानं पाठ. ती मधेच विचारायची, "मग त्या राजाचं फुडं काय झालं गं?" आणि नातीला पुढचं आठवावंच लागायचं. मुख्याध्यापकांना बहिणीनं तपासणीचा अहवाल दिला आणि निम्माच गृहपाठ द्या, वर्गात उभं करून वाचायला लावू नका, अशी लेखी विनंती केली. त्यांनी मानली.

दोन्ही संध्याकाळी चांगल्याच होत्या. पण औशातली उभी राहायला काय काय लागलं ते मोजा: वेळ असलेली आजी, मन लावणारा पुतण्या, ऐकून घेणारे मुख्याध्यापक, आणि मागं सरायला तयार असलेली आई. आमच्या घरी आम्ही दोघं नोकरीला, सासूबाई गेलेल्या, आणि मी तर मागं सरायला तयारच नव्हते. म्हणून मुलाला पाठवलं. तो निर्णय माझ्या मते बरोबर होता, मराठीचं नुकसान धरूनही.

घराची ओढ

पहिले पंधरा दिवस फोन नाही, नंतर दर रविवारी दहा मिनिटं, असा तिथला नियम. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. नवीन मुलं रात्री रडतात, काही जण अंथरूण ओलं करतात, जेवण जात नाही. भाकरीची सवय असलेल्या लेकराला रोजच्या मऊ पोळ्या नकोशा होतात. मी शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे पाठवायचे, ते पहिल्याच दिवशी सगळ्या खोलीत संपायचे. त्याचं पहिलं पत्र आलं, 'आइ मि बर आहे'. माझा हात सवयीनं लाल पेनाकडं गेला. मग मी पेन ठेवला आणि ते पत्र तसंच कपाटात जपलं. तुमच्या लेकराचं पत्र आलं तर त्यातली एकही चूक त्याला सांगू नका.

येळवसेला शाळेला सुट्टी नसते. आमच्या भागात त्या अमावस्येला गाव रिकामं होतं, सगळी शेतात, भज्जी आणि आंबील. मुलगा तीन येळवशी तिथं होता आणि तिन्ही वेळा त्याचा फोन हुंदक्यानं संपला. धाकट्या मुलीला भाऊ पाहुण्यासारखा वाटायला लागला. गल्लीतली त्याची टोळी पांगली. बोलणंही बदललं, आजोबा म्हणायचे, "हे तर पुण्याचं पोरगं झालं." या गोष्टी फीच्या कागदावर नसतात.

पण तिथं एक असं मिळालं जे मी घरी कधीच देऊ शकले नसते. तिथं सगळेच तसे होते. तिथं 'ढ' हा शब्दच नाही, कारण म्हणणार कोण? पंधरा दिवसांनंतरच्या पहिल्याच फोनवर त्यानं विचारलं होतं, "आई, इथं कुणीच अडखळल्यावर हसत नाही. असं खरंच असतं का?" भाचीला मात्र गल्लीत आणि वर्गात ते हसणं सहावीपर्यंत सोसावं लागलं. सातवीत तिनं एकदा उभं राहून वर्गाला सांगितलं की मला वाचायला वेळ लागतो, मला ऐकून समजतं. त्यानंतर हसणं कमी झालं, पण ते धाडस करायला तिला फार वर्षं लागली.

पैसा

यावर थोडकंच लिहिते, कारण इथं तुलना सरळ आहे. अशा निवासी शाळेची फी वर्षाला लाखांत असते. वर येण्या-जाण्याचा खर्च, पालकभेटीला दोन दिवसांची रजा. आम्ही जमिनीचा एक तुकडा विकला. बहिणीचा खर्च रेमेडियल बाईंची फी आणि एसटीचं तिकीट. ज्यांना कर्ज काढावं लागणार आहे त्यांना मी स्पष्ट नको म्हणते. कर्ज काढून पाठवलेल्या लेकरावर निकालाचं ओझं येतं, आणि ते ओझं कमी करायलाच तर आपण त्याला पाठवत असतो.

परत आल्यावर

ही मुलं कायम तिथं राहत नाहीत, राहूही नयेत. दोन-तीन वर्षांत वाचन सावरलं की मूल साध्या शाळेत परत यावं. पाठवायच्या आधीच या परतीचा विचार करा. माझा मुलगा दहा जणांच्या वर्गातून पंचेचाळीस जणांच्या वर्गात आला, बोर्ड बदललं, आणि पहिली चाचणी कोसळली. मे महिन्याच्या सुट्टीत सराव तुटला होता तो वेगळाच. आठवीचं पूर्ण वर्ष त्याला सावरायला गेलं. भाचीला असा धक्का बसलाच नाही, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचे गुरुजी तेच होते.

मुलाला तिथं एक सवय मात्र पक्की लागली: स्वतःसाठी मागणं. "सर, प्रश्न एकदा वाचून दाखवाल का?" हे तो न लाजता म्हणतो. दहावीच्या सवलतीसाठी हेच लागतं. आपल्या राज्यात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट, अवघड गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं गणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच मोडतो) आली, त्यामुळे आता हे मागणं कायद्याच्या आधारावर उभं आहे. निवासी शाळा असो की घर, कागद पालकांनाच जमवावे लागतात. आमचे दोघींचे कागद आठवीतच सुरू झाले. नववी संपेपर्यंत थांबलेल्या एका पालकाला ऐन परीक्षेच्या तोंडावर चार हेलपाटे पडले. आणि लेखनिकाबरोबर बसून उत्तर सांगायचा सराव आधी वर्षभर करा. तोंडी नीट, क्रमानं सांगणं हेही शिकावंच लागतं.

मग कुणी काय करावं

मूल तिसरी-चौथीत असेल आणि एसटीच्या टप्प्यात मराठीत काम करणारी रेमेडियल शिक्षिका मिळत असेल, तर घरीच ठेवा. दहा वर्षांच्या आतलं लेकरू घरापासून तोडण्याइतकी मोठी कोणतीच पद्धत मला दिसलेली नाही. शिकवणी लावताना साध्या ट्यूशनला भुलू नका. तिथं शाळेतलंच पुन्हा जोरात सांगतात.

मूल पाचवी-सहावीत आहे, अजून नावापलीकडं वाचत नाही, घरात रोज संध्याकाळी भांडण आहे, अंगावर दुखणी उमटायला लागली आहेत, आणि पैशाची सोय कर्जाशिवाय होते आहे, अशा वेळी निवासी शाळा बघा, दोन-तीन वर्षांसाठी. आठवीनंतर पहिल्यांदा पाठवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. दहावी समोर असते आणि नव्या जागी रुळण्यातच वर्ष जातं. परभणी-हिंगोलीकडच्या तालुक्यांतले पालक म्हणतात की आमच्याकडं शंभर किलोमीटरात कुणी रेमेडियल शिक्षक नाही. त्यांच्यासाठी उत्तर सगळ्यात अवघड आहे. तिथं मी सुचवते ते असं: आईनं किंवा मावशीनं जवळच्या मोठ्या शहरात आठवडा-पंधरा दिवस राहून शिक्षिकेसोबत बसून पद्धत शिकून घ्यावी आणि घरी रोज तीस मिनिटं तीच करावी. शक्यतो आईऐवजी मावशीनं, आत्यानं, थोरल्या भावानं. आईच्या हातातली पाटी वेगळी वाटते.

शाळा बघायला जाल तेव्हा

सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. शाळा चालू असताना जा आणि संध्याकाळी थांबायची परवानगी मागा. अभ्यासाच्या वेळी शिक्षक काय करतात ते बघा. मुलं गप्प बसून वाचत असतील आणि शिक्षक वहीत काही लिहीत असतील तर तिथून निघा. वाचन कोणत्या भाषेत शिकवता, मराठीचं रेमेडियल कोण घेतं, हे नाव घेऊन विचारा. वाचनाचा खास तास रोज आहे की आठवड्यातून दोनदा, त्या शिक्षकांनी शिक्षण कुठं घेतलं, मूल परत साध्या शाळेत कधी पाठवता आणि पाठवल्यावर तिथल्या शिक्षकांशी बोलता का, हेही. स्वयंपाकघर, संडास, आजारी मुलांची खोली आणि रात्री मुलांच्या मजल्यावर कोण झोपतं ते स्वतः बघा. पालकांना मधल्या वारी अचानक येऊन भेटू देत नसतील, तर कारण विचारा आणि ते पटलं तरच पुढं जा.

आणि प्रवेशाआधी लेकराला तिथं चार-पाच दिवस राहू द्या म्हणा. आमच्या शाळेनं तसं राहू दिलं होतं. न्यायला गेलो तेव्हा मुलगा सायकलीच्या शेडमध्ये होता, हात ग्रीसनं काळे. त्यानं आधी विचारलं की परत कधी यायचं, आणि मग माझा पदर धरला तो उदगीर येईपर्यंत सोडला नाही.